सात नंबरचं पहिलं खोटं

विश्रांतवाडी, पुणे १५
१० जानेवारी २०२५

आदरणीय दशरथराव यांस भीमरावाचा सप्रेम जयभीम.

हे पत्र लिहावं लागतंय, कारण तुम्ही फोनवर दीड मिनिटाच्या पुढे टिकत नाही. दिवाळीला मी फोन केला तर "बरं आहे, तुमचं बरं आहे ना, ठेवतो" एवढं एका दमात बोललात आणि खरोखरच ठेवलात. मला सांगायचंय ते दीड मिनिटात मावणारं नाही. तेव्हा बसून वाचा. उजवा गुडघा कसा आहे? यमुनावहिनींच्या दम्याने थंडीत डोकं वर काढलं नसेल अशी आशा करतो. हिंगणघाटला यंदा कडाका जास्त असल्याचं पेपरात वाचलं. इकडे मी बरा, वेणू बरी (माझी साखर वाढली आहे आणि वेणूचा आवाज, डॉक्टरांनी दोन्हींवर एकच उपाय सांगितला, मी रोज तासभर घराबाहेर फिरायचं). दीपाली बंगळुरूला असते, खुशाल आहे.

तर बातमी अशी की मी लेखक झालो आहे. हसू नका (तुम्ही हसणार नाही हे तेवीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला माहीत आहे, पण पत्रात असं लिहायची पद्धत असते). निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने मी घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या तपासून त्यांवर खडूने पास-नापास लिहीत होतो. कारखान्यातली सवय. एका सकाळी वेणूने स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवून विचारलं, "इथे काय लिहिणार आहात?" त्याच दिवशी मी वही आणली. बिबवेवाडीहून विज्ञानकथांचं एक मासिक निघतं. अनिरुद्ध केंजळे नावाचे गृहस्थ पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीतून ते एकहाती चालवतात. मासिक दर दोन महिन्यांनी येतं. तसं का, असं विचारलं तर म्हणाले, "नावात मासिक आहे, वचन दिलेलं नाही."

त्यांच्याकडे मी 'सात नंबर' ही साहसमाला लिहितो. शनीच्या चंद्रांवरून बर्फ आणणारं एक जहाज आहे. त्यावर झडपा आणि स्प्रिंगा तपासायचं काम करणारं एक यंत्र आहे, त्याचं नाव सात नंबर. जहाजावर उल्का आदळतात, चाचे चढतात, बर्फातून एक किडा निघून अर्धं इंजिन खातो, आणि या सगळ्या धामधुमीत ते यंत्र प्रत्येक भागात थोडं थोडं माणूस होत जातं. दुसऱ्या भागात ते आपली अर्धी वीज पहाऱ्यावरच्या यंत्रासाठी बाजूला काढून ठेवतं. (तुम्ही अर्धा डबा गेटवरच्या म्हाताऱ्यासाठी ठेवायचात. होय, ते यंत्र तुम्हीच आहात. आणखी किती ओळी लपवणार, म्हणून इथेच सांगून टाकतो.) तिसऱ्या भागात ते कप्तानाचा चहा फुंकून गार करतं. त्यावर केंजळ्यांची विचारणा आली की तोंडच नसलेलं यंत्र फुंकर कशी घालेल. मी कळवलं, त्याला पंखा आहे. माझा निर्धार असा होता की एकही गोष्ट अंदाजाने लिहायची नाही. तपासनीस माणूस मी, तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. (या वाक्याकडे पुढे यायचं आहे. माझी हिंमत टिकली तर.)

आता निर्धाराचे परिणाम ऐका. वजन नसल्यावर कसं वाटतं हे कळावं म्हणून मी पोहायला येत नसताना तलावाच्या खोल बाजूला उडी मारली. वजनरहित अवस्था चार सेकंद टिकली. नंतर जीवरक्षकाने मला काठावर पालथा घातला आणि कारण विचारलं. मी शनीबद्दल सांगितलं. त्याने माझा पास परत घेतला. मग यंत्र कसं बोलेल याचा सराव म्हणून एक अख्खा दिवस घरात फक्त "हो", "नाही" आणि "नोंद घेतली" एवढंच बोललो. संध्याकाळी वेणूला विचारलं, काही फरक जाणवला का. ती म्हणाली, "कशात?"

शेवटचा प्रयोग डब्याचा. यंत्राला जग कसं दिसत असेल, हे आठव्या भागासाठी हवं होतं. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला, धुतला, डोळ्यांपुढे दोन भोकं पाडली आणि डोक्यात घातला. जग दिसलं. मोजकं दिसलं, पण नीटनेटकं दिसलं. काढताना मात्र पत्र्याची कड कानांमागे अडकली. वेणूने ओढलं, शेजारच्यांनी ओढलं, साबण लावला, काही उपयोग नाही. शेवटी वेणूने मला रिक्षात बसवलं. रिक्षावाल्याने आरशात बघून एवढंच विचारलं, "काच वर करू का, वारा लागेल." (रिक्षाला काच नसते. खडकी येईपर्यंत मी या वाक्याचा विचार करत होतो.) खडकी बाजारात पत्र्याचं काम करणारे नागोराव तुम्हाला आठवत असतील, आपल्या पेट्यांना कोपरे मारून द्यायचे. त्यांनी माझा आवाज ओळखला. म्हणाले, "स्प्रिंगवाले भीमराव ना? हलू नका, कानाजवळून कापतोय." आणि कापता कापता त्यांनी विचारलं, "तुमचे ते दशरथराव कुठे असतात? चांगला माणूस. फोरमन व्हायला हवा होता."

दशरथराव, डब्यात वीस मिनिटं बसलेल्या माणसाला कुठे बघायची सोय नसते. समोर नागोरावांची कात्री आणि डोक्यात सत्त्याण्णव सालचा मार्च महिना. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मी तो कधी मोठ्याने सांगितलेला नाही, म्हणून सांगतो. दीपालीला गोवर निघाली होती. मला चार वाजता घरी पळायचं होतं. लिफ्टच्या ब्रेकच्या चारशे स्प्रिंगांची पेटी माझ्या टेबलावर होती. मी भार देऊन एकही स्प्रिंग तपासली नाही. पेटीवर शिक्का मारला आणि निघालो. गिऱ्हाइकाने बसवण्याआधी तपासल्या म्हणून बरं, बारा स्प्रिंगा तुटल्या. कोणाला इजा झाली नाही, पण होऊ शकली असती. दहाव्या दिवशी पेटी परत आली. कोंडीरामसाहेबांनी आपल्या विभागाला उभं केलं आणि विचारलं, ही कोणी पास केली. पेटीच्या चिठ्ठीवरचा शिक्का तेलाने फिसकटला होता. इंग्रजी आकड्यात तो एकही वाटत होता आणि सातही. माझा शिक्का एक, तुमचा सात. मी तोंड उघडायच्या आत (हे खोटं आहे, मी उघडणारच नव्हतो) तुम्ही म्हणालात, "मी." साहेब म्हणाले, "दशरथ, तू?" तुम्ही म्हणालात, "मी पास केली. पुढचं बोला." त्या वर्षी तुम्ही फोरमन होणार हे अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. झालं दुसरंच कोणी. तुम्ही त्याच टेबलावरून निवृत्त झालात. तुम्ही 'मी' म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याजवळ येऊन उभा राहिलो होतो, काहीतरी बोलायला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भीमराव, त्या काट्याचा नट सैल आहे, आवळून घ्या." मी आवळून घेतला. त्यानंतर आपण अठ्ठावीस वर्षं गुडघे, हवामान आणि लेकीबाळी यांवर बोलतो आहोत.

डबा निघाल्यावर घरी आलो आणि नववा भाग एका बैठकीत लिहिला. जहाजावर एक तरुण तपासनीस झडप न तपासता पास करतो. हवा गळते, जहाज कसंबसं वाचतं. कप्तान विचारतो, कोणी. आणि सात नंबर, ज्याला खोटं बोलताच येत नाही असं बनवलेलं आहे, ते म्हणतं, "मी." भाग तिथे संपतो. कानाला पट्टी लावलेल्या अवस्थेत मी तो केंजळ्यांना नेऊन दिला. चार दिवसांनी परत आला. वर शेरा: "यंत्र खोटं बोललं तर वाचकांचा विज्ञानावरचा विश्वास उडेल. त्याला प्रेमात पाडावं. हवामानाचा एखादा उपग्रह चालेल." मी तोच भाग पुन्हा नेऊन दिला. तो पुन्हा परत आला. विश्रांतवाडीहून बिबवेवाडी म्हणजे दोन बस आणि मध्ये स्वारगेट. मी सहा वेळा गेलो. गिरणीवाला मला बघून आता न विचारता स्टूल सरकवतो. सहाव्या वेळी केंजळे म्हणाले, "भीमराव, तुमचं वय बघून बोलतो. खोटं बोलणं हा बिघाड आहे. माणूसपण कसं होईल?"

"दुसऱ्यासाठी बोललं तर होतं."

"कशावरून? असं कोणी करतं का?"

मी म्हणालो, "करतं. हिंगणघाटला राहतं."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. दशरथराव, हे मी वेणूलासुद्धा सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं कोणाला, तर कोपरापर्यंत पीठ उडालेल्या एका संपादकाला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "छापतो. पण त्यांची लेखी परवानगी आणा. माणूस जिवंत आहे, त्याला विचारलं पाहिजे." मी जिन्यापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "आणि तो दुसरा? तो तरुण तपासनीस? दहाव्या भागात तो काय करतो?" मी म्हणालो, अजून ठरलेलं नाही. दोन्ही बसमध्ये मला बसायला जागा मिळाली होती, पण मी उभ्यानेच आलो.

घरी येऊन आधी वेणूला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसली. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही लवकर आलात, दीपालीच्या उशाशी बसलात, ते असं आलात." मग म्हणाली, "मला वाटायचं, यमुनावहिनी आपल्याकडे आल्या की गप्प का असतात." त्या रविवारी मी कोंडीरामसाहेबांकडे गेलो. चौऱ्याऐंशीचे झाले आहेत, खडकीतच मुलाकडे असतात, ऐकू चांगलं येतं. मी उभा राहून सांगितलं की ती पेटी माझी होती. ते म्हणाले, "माहीत आहे. दशरथ 'मी' म्हणाला तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू जमिनीकडे बघत होतास." मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात. ते म्हणाले, "वाट बघत होतो, तू बोलशील. मग मी निवृत्त झालो." आणि पुढे, "बस आता. कान कशाने कापला?"

एवढंच सांगायचं होतं. पेटी माझी होती, दशरथराव. ती चूक माझी, आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं गप्प बसलो ती दुसरी, आणि ती जास्त मोठी आहे. तुम्ही नटाबोल्टाचा विषय काढाल म्हणून समोर बोलायच्या आधी लिहून ठेवतो. यमुनावहिनींना नमस्कार. त्यांनी माझ्याशी बोलू नये असं त्यांना वाटलं तर त्यांचं बरोबर आहे.

आपला,
भीमराव

ता. क. खरं काम राहिलंच. सोबत एक कागद जोडला आहे, त्यावर "नववा भाग छापण्यास माझी हरकत नाही" असं टाइप केलेलं आहे. खाली सही करून उलट टपाली पाठवावा. सही तुमच्या नेहमीच्या पद्धतीने पाच मिनिटं विचार करून केलीत तरी चालेल.

ता. क. २. तुम्ही सही करणार नाही आणि कागद गादीखाली ठेवाल, हे उघड आहे. म्हणून मी आणि वेणू येत्या २५ तारखेला तिकडे येतो आहोत. वर्ध्यापर्यंत रेल्वे, पुढे एस.टी. मी तुमच्यासमोर उभा राहून वरचं सगळं पुन्हा म्हणणार आहे. तुम्ही उठून गुरांकडे गेलात तर गोठ्यात येऊन म्हणेन.

ता. क. ३. (१२ जानेवारी.) पत्र टपालात टाकायच्या आधी यमुनावहिनींचा वेणूला फोन आला. केंजळ्यांनी परवानगीची वाट न बघता अंक आधीच रवाना केला म्हणे, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो वेळेवर निघाला. मी त्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "हिंगणघाटचे एक वर्गणीदार आहेत, पहिल्या भागापासून अंक घेतात. दशरथ नाव आहे. म्हटलं, परवानगी परस्परच मिळेल." दशरथराव, तुम्ही दीड वर्षं वाचताय आणि मला बोलला नाहीत. वहिनी सांगत होत्या की नऊही अंक लोखंडी कपाटात आहेत आणि समासात पेन्सिलीने झडपांची मापं दुरुस्त केलेली आहेत. नववा भाग तुम्ही उभ्याने वाचलात, त्यात मात्र एकही दुरुस्ती केली नाहीत, आणि जेवायला एक तास उशिरा आलात. आम्ही येतोय हे वेणूने फोनवरच सांगितल्यावर तुम्ही मागून एवढंच विचारलंत म्हणे, परतीचं तिकीट काढलंय का, आणि काढलं असेल तर रद्द करायला सांग.

रद्द केलं आहे.