पियालीच्या ताटातली मसूर

जळगाव,
५ एप्रिल २०२४

ती. अक्कास,
धाकट्या हेमाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू ते डब्यात घालून ठेवलंस, तेव्हा लिहिण्यावाचून इलाज नाही. एका परीने बरंच झालं. फोनवर हितूचं नाव घेतलं की मी फोन ठेवूनच देते. कागदावर निदान अक्षरं तरी उमटतात.

हितेंद्रला जाऊन दोन महिने होत आले. आता घरी कोणी येत नाही. सराफ्यातल्या त्याच्या दुकानाचे मालक परवा येऊन गेले, काउंटरवर असा हसरा माणूस पुन्हा मिळायचा नाही म्हणाले. चौतीस वर्षांचं पोर चहा पिता पिता छाती धरून बसतं आणि उठत नाही, ह्यावर माणसाने काय बोलायचं? तू तर तेव्हा इथेच होतीस.

आता जिवाला घोर आहे तो पियालीचा. सून माझी जेवत नाही गं. दोन घास भात, त्यात कुस्करलेला बटाटा, चिमूटभर मीठ, की झालं. बांगड्या नसलेली ती मनगटं बघवत नाहीत. विचारलं तर म्हणते, भूक नाही. तीन वर्षांत पोरगी किती छान मराठी शिकली होती, भाजीवाल्याशी घासाघीस करायची, आता तेवढं एकच वाक्य बोलते. तिचा भाऊ तापस, तो सोन्याचा कारागीर, येतो आणि मान खाली घालून बसतो. तिला मेदिनीपूरला आईकडे न्यावं असं त्याच्या मनात आहे. पण न्यावं तरी कसं, तिला जिना उतरवत नाही. आणि खरं सांगू का, अक्का? ती गेली तर मी मरेन. माझ्याकडे हितूचं असं तेवढंच उरलंय.

म्हणून मी एक ठरवलंय. रविवारी ती मसूरडाळीचं बंगाली वरण करायची आणि हितू पुन्हा पुन्हा भात मागायचा, आठवतं? मी नाक मुरडायची. ना काळा मसाला, ना लसूण. वरण आहे की डाळ धुतलेलं पाणी, असं तोंडावर म्हणायची, आणि ती हसायची. तेच आता मी शिकले. कारागीर गल्लीतल्या बंगाली श्यामलीला विचारून आले. कोणासाठी ते सांगितलं नाही, उगाच चर्चा नको. डाळ हळद घालून मऊ शिजवायची, पण घोटायची नाही. मोहरीच्या तेलात मेथी, कलौंजी, जिरं, बडीशेप आणि मोहरी, पाचही अख्खे टाकायचे, एक सुकी मिरची, वरून लिंबू. संपला स्वयंपाक! आपल्याकडे तेवढ्या वेळात खोबरंसुद्धा भाजून होत नाही. उद्या करते. त्याच्या आवडीचं पुढे आलं तर चार घास जास्त जातील तिला.

तुझ्या ज्ञानेश्वरला आणि सुनेला, सुलक्षणाला, आशीर्वाद. तुझी माया आहे तोवर मी उभी आहे, ती कमी करू नकोस.

तुझी,
हेमा


धुळे,
१२ एप्रिल

चि. हेमास,
अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र ज्ञानेश्वरने आणून दिलं आणि मी ते दोनदा वाचलं. यंत्राची चेष्टा करू नकोस. तुझ्या कानात बसवलं तर तुला कळेल, भांडं पडलं तरी बॉम्ब फुटल्यासारखं वाटतं.

वरण शिकलीस ते ठीक, पण मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवलंस का? आमच्या शेजारी एक बंगाली बँकवाले राहून गेले, त्यांची बायको तसं तापवायची. सगळा जिना खोकायचा. न तापवता फोडणी दिलीस तर कडवट लागेल आणि पोरगी बिचारी संकोचाने बोलायची नाही. तुझ्या हाताला घाई फार, लहानपणापासून.

आणि तू जेवतेस का? सगळं पत्रभर सुनेचं ताट. तुझ्या ताटाबद्दल अवाक्षर नाही. माय वं, मी बहिरी झाले आहे, आंधळी नाही. हितू माझ्याही मांडीवर वाढला. साक्रीच्या बाजारात माझ्या खांद्यावर बसून चणे खाणारं पोर ते, त्याच्या आईला उपाशी ठेवून मी इथे सुखाने भाकरी खाऊ का? रडायचं तेवढं रड, पण आधी जेव.

पियालीला माझा आशीर्वाद सांग. पुढच्या वेळी तिच्या नावाने वेगळं पाकीट धाडते. नावामागे गं. भा. मात्र मी लिहिणार नाही. तुझ्याही नावामागे मी ते कधी लिहिलं नाही.

बठ्ठं बरं व्हई, सगळं ठीक होईल. जीव सांभाळ, आणि म्हातारीवर राग धरू नकोस.

तुझी,
अक्का


जळगाव,
२१ एप्रिल

ती. अक्कास,
हेमाचा सा. न. वि. वि.

मी हात टेकले.

पहिल्या दिवशी वरण केलं. ताट पुढे ठेवलं, तिने वाटीत पाहिलं आणि पांढरीफटक पडली. भूक नाही म्हणून उठली. मला वाटलं, चुकलं काहीतरी. तुझं पत्र आलं, म्हटलं तेलच असणार. दुसऱ्यांदा धूर निघेपर्यंत तापवलं. पुन्हा तेच. ह्या वेळी खोलीचं दार लावून घेतलं तिने. तिसऱ्यांदा मी फोडणी घालताना खिडकीसुद्धा उघडली नाही, तिला तिच्या घरासारखा वास यावा म्हणून. बाहेर ऊन हे असं, आत मी तेलाच्या धुरात घामाघूम. ती आली, ताटाला नमस्कार केला, आणि हळूच मला म्हणाली, की तापसला तिकीट काढायला सांगा.

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं गं. कढई अशी आपटली की खालच्या मजल्यावरची भिकुबाई विचारायला वर आली. तिकीट निघालंय, १९ मेचं. आता ती शांत आहे, कपड्यांच्या घड्या करते. माझ्याशी नीट वागते, पायसुद्धा चेपायला आली होती. मला वाटतं, माझ्या हातचं तिला नकोच आहे. सासू म्हणजे शेवटी सासूच. मुलगा होता तोवर नातं होतं, तो दोरा तुटला.

तू म्हणतेस जेव. जेवते. कशाची चव लागत नाही, पण जेवते.

चूकभूल पोटात घाल. तुझ्याशिवाय मला रागवायला आता कोणी नाही.

तुझी,
हेमा


धुळे,
२८ एप्रिल

चि. हेमास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

कढई आपटून काय मिळालं? कढईचा काठ वाकला असेल.

तुझं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं आणि मग रागही आला. जी पोर पाय चेपते, तिला तू नकोशी कशी? ताटाला नमस्कार करून माणूस उठतं ते तुझ्या हातच्या चवीमुळे नाही. दुसरं काहीतरी आहे. आपल्या खान्देशात बसून मेदिनीपूरच्या रीती आपल्याला कशा कळणार? तू त्या श्यामलीकडे परत जा आणि ह्या वेळी सरळ सांग, कोणासाठी करतेस ते. झाकपाक करायची तुझी खोड जाऊ दे. आपल्या घरात दुःख आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, त्यात चर्चा ती काय व्हायची राहिली?

मला इकडून काही करता येत नाही ह्याचाच त्रास होतो. तेव्हा आले तेवढे गुडघे आता धड असते तर एसटीने येऊन बसले असते.

उलट टपाली कळव. वाट पाहते आहे हे विसरू नकोस.

तुझी,
अक्का


जळगाव,
४ मे

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच निघालं. श्यामलीला सांगितलं आणि तिने कपाळावर हात मारला. त्यांच्याकडे जुन्या घरांतून विधवेला मसूर वर्ज्य! मासळी, मांस, कांदा, लसूण आणि त्यांच्या जोडीला मसूर. आपल्याकडे आजाऱ्याला देतात ती साधी डाळ, तिथे ती सामिषात धरतात. हल्ली पुष्कळजणी पाळत नाहीत म्हणाली, पण पियालीच्या आईने पाळायला सांगितलंय, असं तापस तिच्याकडे बोलला होता, आणि ती पाळते.

अक्का, मी स्वतः विधवा बाई. काही सोडलं नाही, मसुराची आमटी तर आवडीने खाते. माझ्या ध्यानीमनीही आलं नाही. त्या पोरीच्या पुढे मी तीन तीन वेळा ती वाटी सरकवली. तुझा नवरा गेला, तुझा नवरा गेला, असं ताटातून सांगत बसले गं मी! तिथेच श्यामलीच्या पायरीवर बसून रडले.

मूग चालतो. श्यामलीने सांगितलं, डाळ कोरडीच खमंग भाजायची, मग शिजवायची, आलं, जिरं, तमालपत्र आणि किंचित गूळ. घरी येऊन केलं. पियालीने वाटीभर खाल्लं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा वाटी रिकामी पाहिली. पण तिकीट आहे ते आहेच. थोडी शक्ती आली तर प्रवास झेपेल, असं तापस म्हणाला. म्हणजे मी तिला जाण्यासाठीच खाऊ घालते आहे. घालते, काय करू.

ही असली रीत कोणी काढली असेल त्याला माझ्या समोर उभा करा. पण पोरीला मी काही बोलले नाही, बोलायचा धीर होत नाही.

तुझ्या पत्राची वाट बघते, दोन ओळी का होईना.

तुझी,
हेमा


धुळे,
९ मे

चि. हेमास,
आशीर्वाद.

दोनच ओळी लिहिते. तू तिला राहा म्हणालीस का? सगळी पत्रं परत काढून वाचली, कुठेही लिहिलेलं नाही. मुगाची डाळ बोलत नसते बाई. तोंड उघड.

तुझी,
अक्का


जळगाव,
१६ मे

ती. अक्कास,
तुझ्या हेमाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मोठं होईल. चष्मा लावून बस.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तिच्या मागेमागे फिरले. राहा म्हणायला तोंड उघडायची आणि गाडीत डब्यात काय देऊ, एवढंच बाहेर पडायचं. वाटायचं, तिची आई तिकडे डोळे लावून बसलेली, तरुण पोर, तिला ह्या भिंतींत कोंडणारी मी कोण?

परवा सकाळी ती आपण होऊन ओट्याशी उभी राहिली. मी तिच्यासाठी तिकडचं वरण शिकले, तर जायच्या आधी एकदा तिच्या हातचं मला करून घालायचंय, असं म्हणाली. मसूरडाळच घेतली. मी नको नको म्हणत होते. फोडणी अशी बसली की मला वाटलं, आता हितू आतून हाक मारतो की काय. तिने मला पाटावर बसवलं, भात वाढला, वाटीत डाळ, वर लिंबू. स्वतः समोर बसली.

पहिला घास घेतला. मीठच नव्हतं. करणारी बाई पळीभर हातावर घेऊन चाखते, तिला चाखता आलं नव्हतं ना. मी म्हटलं, फार छान झालंय. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एकदम हात पुढे करून तिने माझ्या वाटीत बोट बुडवलं आणि चाखलं. आई, मीठ नाही, तुम्ही खोटं बोलता, म्हणाली. आणि मग तिला कळलं तिने काय केलं ते. धावत मोरीवर गेली, चुळा भरत राहिली, भरतच राहिली. मी मागे जाऊन पाठीवर हात ठेवला. म्हटलं, पोरी, मला माहीत नव्हतं, देवाशपथ माहीत नव्हतं, मसूर तुझ्यासाठी वर्ज्य आहे ते.

तेव्हा ती बोलली. तिच्याकडे नवरा गेला की त्याच्या घरची माणसं बायकोच्या ताटातली मसूर काढून घेतात. इथे मी दर वेळी मुद्दाम वाढत होते. तिने अर्थ काढला, की तू आता माझ्या मुलाची कोणी नाहीस, तुला आमचा शोक पाळायचा हक्क नाही, खा आणि आपल्या वाटेने जा, असं सासू सांगते आहे. म्हणून तिकीट काढायला लावलं. आणि एवढे दिवस घड्या घालत होती ते मी एकदा तरी राहा म्हणेन ह्या आशेने. एकाच साडीची घडी मोडायची आणि पुन्हा घालायची, म्हणाली.

मी म्हटलं, राहा. तिने वर पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, राहा गं माझ्याजवळ, तू गेलीस तर हितूबद्दल मी कोणाशी बोलू? मग जी रडली! तो गेल्यापासून तिच्या रडण्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता. ती उशीत तोंड खुपसून रडायची, मी न्हाणीत नळ सोडून रडायची, एकमेकींना त्रास नको म्हणून. मोरीच्या कठड्याशी बसून आम्ही दोघी त्याच्या नावाने मोठ्याने रडलो. भिकुबाई वर आली, दारातूनच परत गेली.

तापसने तिकीट रद्द केलं. तिच्या आईने फोनवर खूप आकांत केला, मग माझ्याशी बोलल्या. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही. दोघी हुंदके देत होतो, तेवढं कळलं.

आता राहिला तो नेम. मी तिला स्पष्ट सांगितलं, मला ही रीत पटत नाही, तू सगळं खा. ती म्हणाली, वर्षश्राद्धापर्यंत तरी पाळू द्या. कोणी सांगितलं म्हणून नाही. त्याच्यासाठी करण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही म्हणून. माझं पोर परत येणार नाही. ते दुःख जसंच्या तसं आहे, तसूभरही हललेलं नाही. काल मूग भाजून डाळ केली. तिने स्वतःहून दुसऱ्यांदा मागून घेतली. वाढताना मी रडले, जेवताना ती रडली, आणि दोघींनी ताटं संपवली.

गुडघ्यांना तेल लाव. पियाली तुला नमस्कार सांगते. आता आम्हा दोघींवर मिळून लोभ ठेव.

तुझी,
हेमा