न सुटणारी नऊवारी

मी, सुप्रभा शशिधर टिपणीस, वय बहात्तर, राहणार पिनर, मिडलसेक्स, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलगा अनिश क्रॉयडनच्या ऑफिसातून रोज फोन करून विल झाले का विचारतो, त्याला दबाव म्हणता येणार नाही. मी मराठीत लिहिते; इंग्रजी तर्जुमा वकिलांनी करून घ्यावा.

कलम १. राहते घर आसावरी आणि अनिश यांना समान हक्काने. सुनेचे नाव मी मुद्दाम आधी लिहिले आहे. बँकेत जे उरेल तेही दोघांचे.

कलम २. शिवणाचे मशीन अनिशला, आसावरीला नव्हे. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि पँटची शिलाई उसवली की अजून बायकोकडे बघतो. मशीनला महिन्याला तेल घालावे.

कलम ३. माझ्या आईची हिरवी इरकली नऊवारी नात देवयानी हिला. यामागची हकीकत अनिशला अर्धीच ठाऊक आहे, म्हणून येथे नमूद करते.

सन १९६० ते १९७६ मी लंडनच्या पश्चिमेला एका फिल्म स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम केले. त्या वेळच्या विनोदी चित्रपटांत बाई म्हणजे नर्स, सेक्रेटरी नाहीतर कजाग बायको. नर्सचा ॲप्रन दोन इंच तोकडा शिवायचा, कजाग बायकोला ढगळ कोट द्यायचा. भुताखेतांच्या चित्रपटांतले झगे कच्च्या टाक्यांनी जोडायचे, म्हणजे राक्षसाचा हात लागताच खांद्यावर फाटतील. असे चाळीसेक झगे मी शिवले. कपडेपटातल्या थोराड बायका युद्धात कारखान्यांत लेथ चालवत होत्या; जेवणाच्या सुट्टीत त्या गोष्टी रंगत. पडद्यावर त्याचा मागमूस नसे.

१९६१ साली एका विनोदी चित्रपटात हिंदुस्थानी राजकन्या हवी होती. लीड्सच्या पॉलीन नावाच्या मुलीला तपकिरी रंग फासून उभी केली. खलनायक पदर ओढतो, साडी एका झटक्यात सुटते, ती किंचाळते आणि प्रेक्षक हसतात, असा प्रसंग लिहिलेला होता. त्यासाठी एका हुकावर टिकणारी नायलॉनची साडी तयार होती. कपडेपटात साडी ठाऊक असलेली मी एकटीच, त्यामुळे नेसवायचे काम माझ्याकडे आले. काठपदर कसे असतात ते दाखवायला मी आईची नऊवारी पिशवीतून नेली होती.

पॉलीन आरशासमोर उभी होती. तिची आई दर शनिवारी शेजारणींबरोबर सिनेमाला जाते, असे ती मघाशीच म्हणाली होती. मग तिने हळूच विचारले, "हे सगळ्यांसमोर खरंच सुटणार?"

मी म्हटले, "सुटणारी नेसवू की न सुटणारी, तेवढं सांग."

"न सुटणारी."

मी नायलॉन बाजूला ठेवले आणि तिला नऊवारी नेसवली. कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला गुंडाळून आत दाबला. कॅमेरा सुरू झाला, खलनायकाने पदर ओढला, काही सुटेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला आणि तोच पितळी तबकांवर पडला. पॉलीनला कळले की आपले पाय मोकळे आहेत. तिने सोफ्यावरून उडी मारली आणि ती थेट सेटच्या दाराबाहेर पळाली. दिवेवाले वरच्या फळ्यांवर हसून लोळत होते.

दिग्दर्शकाने नायलॉन नेसवून पुन्हा शॉट घ्यायला सांगितले. पॉलीन म्हणाली, "ही बाई नेसवेल तसंच नेसेन. नाहीतर दुसरी मुलगी बघा." दुसरी मुलगी कुठून आणणार? शॉट राहिला. मला मात्र सहा महिने हातमोजे रफू करायला बसवले. ते मी गाणी म्हणत केले. चित्रपट लागला तेव्हा माझे यजमान तो पाच वेळा पाहून आले, आणि पाचही वेळा घरी येऊन त्यांनी सोफ्यावरून उडी मारून दाखवली.

देवयानी एडिनबरा विद्यापीठात याच चित्रपटांतल्या बायकांवर प्रबंध लिहीत होती. गेल्या नाताळात तिने मला डीव्हीडी लावून दाखवली आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, सगळ्या फिल्म्समध्ये बायका किंचाळतात. हा एकटीच पळते. तो साडी सुटला नाही म्हणून. मी ॲक्सिडेंट लिहिलंय."

मी म्हटले, "खोड ते. मी नेसवली होती."

ती टेपरेकॉर्डर आणायला माडीवर पळाली. दोन दिवस मी बोलत होते आणि तिने एक आख्खे प्रकरण नव्याने लिहिले.

गेल्या महिन्यात मला एडिनबराला नेऊन तिने तो शॉट वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवला. पॉलीन पळाली तशा वर्गातल्या मुली ओरडल्या. नंतर अकरा जणींनी माझ्याकडून नऊवारी नेसायला शिकून घेतले, आणि एक लाल केसांची मुलगी कासोटा खोचून व्हरांड्याच्या टोकापर्यंत धावत जाऊन आली. इतकी मी कित्येक वर्षांत हसले नव्हते. देवयानीने ही नऊवारी कपाटात जपून ठेवू नये. नेसावी, नेसवावी, फाटली तर शिवावी.

कलम ४. मोठी कात्री माझी जुनी मैत्रीण मधुमती हिला. सुप्रभा गोऱ्या बायकांचे कपडे उतरवते, असे तिने इथल्या मराठी मंडळात सांगितल्यामुळे आम्ही अकरा वर्षे बोलत नव्हतो. पण यजमान हॉस्पिटलात होते तेव्हा अठरा दिवस तिचाच डबा आला, आणि वांग्याची भाजी अजूनही तिच्यासारखी कोणाला जमत नाही. कात्रीची धार शाबूत आहे, तिच्या जिभेइतकी नसली तरी.

कलम ५. वकिलांच्या इंग्रजी मसुद्यात नावापुढे व्यवसायाच्या जागी 'विधवा' असे टाइप केलेले आढळले. तो शब्द मी खोडला असून तेथे 'चित्रपटांची शिंपीण' असे लिहवून घेतले आहे. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे आहेत.

सही: सुप्रभा शशिधर टिपणीस

आम्हा दोघींना या कागदाने काहीही मिळणार नाही, आणि बाईंनी आमच्या देखत हसत हसत सही केली:
१. नीना चौबळ, शेजारीण
२. ग्रेस ॲपलटन, समोरच्या घरातली

पिनर, गुरुवार, १८ मे २००६