‘कवटीतलं पाणी’ : श्रोत्यांचे अभिप्राय

११ नोव्हेंबर, पिंपळगाव राजा

पोचलो एकदाचा. खामगावहून एसटीत मांडीवर खोकं घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. गाणी आहेत म्हटलं. लग्नातली का, म्हणाल्या. हो म्हणून टाकलं, कोण समजावत बसणार! पण बरं वाटलं. माझ्या गाण्यांबद्दल कुणी आपणहून विचारल्याला वर्षं झाली असतील.

सगळं नीट लिहून ठेवतो, पुढेमागे मोठा झालोच तर उपयोगी पडेल. मी प्रसेनजित, वय एकतीस, पुण्यातल्या एका ब्रूटल डेथ मेटल बँडचा गायक. म्हणजे होतो. आमचा एकच अल्बम निघाला, ‘कवटीतलं पाणी’. सात गाणी, सव्वीस मिनिटं, आणि माझी पोटाच्या तळातून काढलेली गुरगुर, एक शब्द कळेल तर शपथ. इंटरनेटवर त्याला नऊ अभिप्राय आले. एकानं लिहिलं, मिक्सरमध्ये खडे टाकलेत. दुसऱ्यानं लिहिलं, गायकाला जुलाबाचं औषध द्या. नववा माझ्या मावसभावाचा होता, त्यानं नुसता अंगठा दाखवला, तोही खाली. मग बँड मोडला.

आता नोकरी खामगावच्या राजकुमार साहेबांकडे. ते शेतात लावायचे भोंगे बनवतात. बांबूवर कर्णा, खाली फवारणी पंपाची बॅटरी, आत मेमरी कार्ड. दिवस कलला की सुरू करायचं, उजाडल्यावर बंद. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पळावेत म्हणून त्यात वाघाची डरकाळी, कुत्र्यांचं भुंकणं असलं काहीबाही असतं. पण जनावरं बेरकी. आठ दिवसांत सरावतात आणि त्याच भोंग्याखाली उभं राहून हरभरा खातात. मुलाखतीत मी साहेबांना माझा अल्बम ऐकवला. ते खुर्चीसकट मागे सरकले आणि म्हणाले, हेच पाह्यजे आपल्याले.

काम सोपं आहे. सहा शेतांत भोंगे लावायचे, गावात राहायचं, ऐकणाऱ्यांचे अभिप्राय रजिस्टरात लिहून खाली सही घ्यायची. चांगले आले तर आणखी चाळीस भोंगे लागणार.

खोली अर्जुनरावांकडे मिळाली आहे. गावाच्या कडेचं घर, मागचं दार उघडलं की त्यांची तूर. त्यांच्या मंडळी रुक्मिणीबाईंना माझं नाव काही झेपेना. त्यांनी सरळ परसू करून टाकलं, मी मावशी म्हणायला लागलो. जेवायला भाकरी, ठेचा, आलूवांगं. तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी विचारत होत्या, पोट बिघडलं का रे.

१४ नोव्हेंबर

पहिले अभिप्राय! जसेच्या तसे उतरवतो.

उकंडराव, शेजारचे शेतकरी: “माह्या जन्मात असं ऐकलं नाई बाप्पा. मानूस हाय का डिझेल इंजन? पन एक डुक्कर नाई फिरकलं.”

सोजराबाई, एकट्या तीन एकर कसतात: “पोट दुखते का त्याले? ओवा द्या म्हना. बाकी बरं हाय.”

अर्जुनराव: “दुसरं गानं जोरदार. रोही पार पयाले.”

दुसरं गानं जोरदार! माणूस गाणी मोजून ऐकतोय. पुण्यात कपाळावर आठ्या पाडून बसलेले ते सगळे जाणकार गेले चुलीत.

गायक मीच, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींनी खोकल्यावरून ओळखलं. चहा देताना म्हणाल्या, थो आवाज तुहाच हाय ना रे? काऊन एवढा तरास घेतं जीवाले? आणि हळदीचं दूध करून दिलं. आमच्या आईनं अल्बम पहिल्या मिनिटाला बंद केला होता. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

२१ नोव्हेंबर

डुकरं गेली, रोही गेले. बगळेही गेले. होले, साळुंक्या, काही नाही. गावातली कुत्री बांधापर्यंत येतात आणि माघारी फिरतात. अर्जुनराव खूश आहेत. तुरीला दाणा भरतोय आणि एक शेंग कुरतडलेली नाही.

माझा घसा बसलाय. धुळीनं असेल.

आज सोजराबाईंनी वेगळंच सांगितलं: “जनावर पयालं, हाव. पन ज्याले हा आवाज आवडला, थे आलं.” कोण आलं म्हटलं तर त्यांना सांगता येईना. मला शेतात नेऊन दाखवलं. भोंग्याच्या खाली तूर गोल दबलेली होती, बैलगाडी मावेल एवढी जागा. कुणी ऐकत बसून राहावं तशी. माती हाताला गार लागत होती, भर दुपारी. हे काढून न्या म्हणाल्या.

मी रजिस्टरात लिहिलं: ‘आवाज ऐकणाऱ्याला आवडतो.’ त्यांना सही येते, वाचता येत नाही. त्यांनी सही केली.

त्या बोलल्या त्यातलंच लिहिलं ना? आणि खरं सांगायचं तर घरी येताना मी हसत होतो. कुणीतरी बसून ऐकतंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

२७ नोव्हेंबर

आज उकंडराव तणतणत आले. त्यांची बॅटरी दोन दिवस घरी चार्जिंगला होती, तरी तुरीतून सातही गाणी वाजली. आणि सातव्यानंतर एक आठवं. अल्बममध्ये आठवं गाणं नाही. ते म्हणाले, “थे गानं नाई बे, थे शिकून राह्यलं. लेकरू बोलाले शिकते ना, तसं.” हे लिही आणि भोंगा उचल, म्हणाले.

मी लिहिलं: ‘भोंगा बंद असतानाही परिणाम टिकतो.’ त्यांचा चष्मा घरी राहिला होता. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सही ठोकली. शेजारच्या शेताचा आवाज घुमत असेल, असं मी त्यांना पटवलं. महिना पुरा होऊ द्या, मग उचलतो म्हटलं. हे बोलताना माझा आवाज मध्येच फाटला आणि नुसती हवा निघाली.

खामगावला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं. सगळं ठणठणीत आहे म्हणाले. तसाच पुढे जाऊन साहेबांना रजिस्टराचे फोटो दिले. ते इतके खूश झाले की त्यांनी मला मिठी मारली. नऊ जण ज्यावर थुंकले त्या अल्बमला कुणी मिठी मारतंय म्हटल्यावर तक्रारींचं सांगायचं राहूनच गेलं.

२ डिसेंबर

सोजराबाई: गुरगुर थांबली. आता साधं बोलतं. मी मारतो तशी हाक मारतं, सोजराकाकू म्हणून, पुण्याच्या बोलीत. त्यांना वाटलं मीच चेष्टा करतोय. हसत हसत चार पावलं आत गेल्या आणि मग त्यांना आठवलं, की मी तर एसटीनं खामगावला गेलेलो.

मी लिहिलं: ‘शब्द स्पष्ट.’

लाज वाटते. पण हात थांबला नाही.

संध्याकाळी साहेबांचा फोन. चाळीस भोंगे मंजूर, माणसं पाठवून लावून घेतो म्हणाले. मला हो म्हणायचं होतं की नाही, ते आता सांगता येत नाही. तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. साधा हुंकारसुद्धा नाही.

६ डिसेंबर

भोंगे लागले. चाळीस.

उकंडराव सकाळी सापडले. तुरीच्या मधोमध उभे. जिवंत आहेत, डोळे उघडे, जीभ हलतेय. आवाज नाही. त्यांची बायको आशाबाई त्यांचं तोंड दोन्ही हातांनी धरून बोला हो, बोला हो करत होती. मी तिथंच उभा होतो. मला माहीत होतं, त्यांचा आवाज कुठं गेलाय. माझाही तिथंच आहे.

त्यांना अकोल्याला नेलं. अर्जुनराव सोबत गेले.

८ डिसेंबर

उकंडराव अकोल्याच्या दवाखान्यात आहेत. उकंडरावांचा आवाज तुरीत आहे. भर सकाळी आशाबाईंना हाका मारतो, पाणी मागतो. आशाबाईंना सगळं कळतं. तरी त्या उठतात. सोजराबाई त्यांचा पदर धरून बसल्या आहेत.

कपडे न्यायला अर्जुनराव तासभर आले होते. मी सगळं कागदावर लिहिलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. रजिस्टरही उघडून दाखवलं. त्यांनी एक एक पान वाचलं. उकंडरावांची सही, सोजराबाईंची सही, स्वतःची सही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, आमी बोल्लो थे तुले लिहाचंच नोतं तर इचारलं कायले?

मग पुन्हा अकोल्याला गेले. रुक्मिणीले बाहेर जाऊ देऊ नको, एवढं माझ्यावर सोपवून. माझ्यावर! दुसरं कुणी नव्हतंच.

साहेबांना नऊ मेसेज केले. उत्तर आलं: रिपोर्ट एक नंबर, आराम करा.

१० डिसेंबर

आजच लिहितो, नाहीतर उद्या मीच हे बदलून लिहीन.

दुपारी मावशींना खुणेनं सांगितलं, घरात बसा. त्यांनी मान हलवली. बाहेरून कडी घातली. मग पक्कड घेऊन निघालो. म्हटलं निदान आपल्या तुरीतल्या वायरी तोडू. तीन तोडल्या. काही फरक पडला नाही, आवाज वायरीत नव्हताच.

चारच्या सुमाराला. मी पलीकडच्या बांधावर. मध्ये तूर, पलीकडे घर. आणि तुरीतून माझा आवाज आला. गुरगुर नाही, किंचाळी नाही. मी जेवताना बोलायचो तसा. मावशी, ओ मावशी, पाय मोडला हो माझा, या ना.

कडी समोरच्या दाराची घातली होती. मागचं दार विसरलो.

त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी बांधावर उड्या मारल्या. दोन्ही हात वर करून हलवले, नको, नको, मागे फिरा. छातीतून सगळी हवा ढकलली. दहा वर्षं या घशातून मी काय काय काढलं, लोकांनी कान झाकले. आज एक शब्द हवा होता.

त्यांनी मला पाहिलं. हात हलवताना पाहिलं. आणि त्यांना वाटलं—

बोलावतोय वाटलं. पाय मोडलाय आणि हात करून बोलावतोय. पदर खोचून पळत सुटल्या. तांब्यातलं पाणी सांडत. आली रे परसू, आली बाप्पा, म्हणत.

हात खाली घ्यायला हवे होते. मी जास्तच हलवले.

तूर त्यांच्या डोक्याच्या वर आहे.

११ डिसेंबर

मावशी अंथरुणावर आहेत. मीच उचलून आणलं. डोळे उघडे. ओठ हलतात. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी माझाच हात थोपटला. हे सहन होत नाही.

अर्जुनरावांना मेसेज केला. खरा. वाचला त्यांनी. 

सकाळी नऊ. सगळीकडून. चाळीस भोंगे, सहा भोंगे, एकाचीही बॅटरी जागेवर नाही, लोकांनी कालच काढून नेल्यात. पहिलं गाणं सुरू झालं. शब्द कळताहेत. माझेच शब्द, पहिल्यांदा कळताहेत. उकंडराव खालच्या पट्टीत. माझा आवाज मध्ये. आणि वर—

मावशी गाताहेत. ते घाणेरडे शब्द, मावशींच्या आवाजात. इथे त्यांचे ओठ त्याच तालात हलताहेत.

चौथं गाणं. कान दाबले. हाडांतून येतंय.

सातवं संपलं. शांत.

मागच्या दाराशी तूर नाही. म्हणजे आहे, पण दबलेली, उंबऱ्यापर्यंत, गोल. काहीतरी बसलंय. दिसत नाही. वाट पाहतंय. मावशींच्या आवाजात हळूच विचारलं, कसं वाटलं रे परसू, खरं सांग बाप्पा.

रजिस्टर समोर आहे. सही माझीच लागणार.

वाईट लिहिलं तर चिडेल. चांगलं लिहिलं तर आणखी गाईल. अजून गाव आहे. आशाबाई, सोजराबाई, सगळं गाव आहे. वाईट लिहायला हवं. बंद कर, सडकं आहे, ऐकवत नाही. एवढंच लिहायचंय. एकच वाईट अभिप्राय. मला तर नऊ पाठ आहेत.

पेन टेकवलं. हात चालत नाही. कारण ते वाईट नव्हतं. जन्मभर मला जे काढायचं होतं ते हेच होतं, आणि मी दारात उभा राहून ऐकत होतो, आणि चौथ्या गाण्याला मी कानांवरचे हात स्वतःहून

अभिप्राय: मला आव