कूस बदलायच्या आधी

सोलापूर,
२ एप्रिल २०२५

ती. सौ. आईस,

ऋतुजाचा नमस्कार. वि. वि. साष्टांग लिहायला हात गेला होता, पण सातव्या महिन्याचं पोट घेऊन साष्टांग घालायचा म्हणजे उठवायला क्रेन बोलवावी लागेल. उभ्याउभ्याच घातलाय, गोड मानून घे.

फोनवर तुला ऐकू जात नाही, मी ओरडते, आणि शेजारच्या गुरम्मा मावशी पिठाच्या हातांनी धावत येतात, हिला कळा सुरू झाल्या की काय म्हणून. त्यात तुमचा फोन तुझ्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या दादांच्या खिशातून मेंढरांमागे गावोगाव हिंडतो. म्हणून आपला कागदच बरा.

इथे ऊन असं आहे की फरशीवर पाणी ओतून त्यातच लोळावंसं वाटतं. पण लोळणं आता माझ्या नशिबात नाही. लहानपणी मी पालथी झोपायचे नि तू मला बेडकी म्हणायचीस, आठवतं? ते झोपणंच गेलं. पालथं पडायची सोय नाही, उताणं झोपू नको असं दवाखान्यात सांगितलंय, उरल्या दोन कुशी. डाव्या कुशीवर पडलं की अर्ध्या तासात खुब्याला रग लागते, हाताला मुंग्या येतात. मग उजवी. आणि तू सांगितलेलं मी अगदी पाळते हां. कूस बदलायची तर आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर पडायचं; पडल्यापडल्या वळलं तर बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो. काल मी नऊ वेळा उठून बसले. प्रत्येक वेळी युवराजही दचकून उठतात आणि विचारतात, निघायचं का? एसटीच्या डेपोत गाड्यांखाली शिरून काम करणारा माणूस, परवा गाडीखालीच झोपला. साहेबांनी पाय धरून बाहेर ओढला.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही ठाऊक आहे. पण बी.पी. थोडं वर गेल्यापासून डॉक्टरबाई मला सोलापूर सोडू देत नाहीत. तेव्हा माहेरानेच इकडे यायचं. मेच्या मध्यापर्यंत ये. मी तुझी जागा आत्तापासून धरून ठेवलीय.

कोंबड्यांना आणि दादांना नमस्कार. माया आहेच, ती घेऊन स्वतः ये.

तुझी,
ऋतुजा


वस्ती, वेळापूरजवळ,
८ एप्रिल

चि. सौ. ऋतुजास,

तुज्या आईचे लई लई आशीर्वाद. हिकडं समदं बरं हाय. तुजं पत्र पोचलं. पोस्टमन ईरप्पा म्हनला, मावशी, हल्ली लोकं निस्ती बिलं धाडत्यात, पत्र फकस्त तुमालाच येतंय. मी त्येला ताक पाजलं.

आता नीट वाच. उताणं झोपू नगं हे दवाखान्यानं सांगितलं ते खरंच हाय, त्येला डाक्टर कशाला पायजे? गेल्या दिवाळीत आपली कानतुटकी मेंढी गाभण असताना चरीत उताणी पडली. चारी पाय वर, डोळं पांढरं, हलता ईना की चालता ईना. पोटाच्या वज्ज्याखाली जीव घुसमटतोय तिचा. तुजं दादा पळत गेलं म्हनून वाचली. तवा उताणं न्हाय म्हंजे न्हाय.

मी वाकळ शिवायला घेतलीया, माज्या जुन्या लुगड्यांची. तिची वळकटी करून पोटाखाली घ्यायची, म्हंजे पोट लोंबत न्हाय. एक उशी दोन गुडघ्यांत घाल, खुब्याची रग जाती का न्हाय बग. पाठीला बी कायतरी टेकू ठेव, म्हंजे झोपंत मागं लवंडणार न्हाईस. आन् कूस बदलताना उठून बसायचं सोडू नगं. नऊ येळा तर नऊ येळा. झोप काय, बाळ झाल्यावर बी जानारच हाय.

माजं यायचं कसं जमंल बग. कोंबड्या खुडूक बसल्यात, दोन मेंढ्या अडल्यात, दादांच्या भाकरीचं कोन बगंल? मायाक्का आत्याला धाडते. तिचा हात लई हलका हाय, सा बाळंतपणं केल्यात तिनं.

जावईबापूंना गाडीखाली झोपू नगा म्हनावं. लोभ कमी व्हायचा न्हाय, काळजी करू नगं.

तुजी आई,
बजाबाई


सोलापूर,
१७ एप्रिल

ती. सौ. आईस,

नमस्कार घे. वाकळ मिळाली. वेळापूरच्या गाडीचे ड्रायव्हर युवराजच्या ओळखीचे, त्यांनी सीटमागे ठेवून आणली. घरात आणली आणि सगळ्या खोलीभर तुझा वास झाला. चुलीचा धूर, मेंढरं, आणि ती तुझी खोबरेल तेलाची बाटली. मी तिच्यात नाक खुपसून इतका वेळ बसले की युवराजना वाटलं रडतेय. थोडं रडलेच.

आता माझा बिछाना म्हणजे एक संस्थान झालंय. पोटाखाली तुझी वाकळ. गुडघ्यांत उशी. पाठीशी गुरम्मा मावशींनी दिलेली गुंडाळी. त्या टॉवेलच्या कारखान्यात होत्या ना, त्यांच्याकडे कडा उसवलेल्या टॉवेलांचं गाठोडं होतं. त्यांनी सगळे एकात एक गुंडाळून पुरुषभर लांबीचं लोढणं करून दिलं. या सगळ्यात युवराजना जागाच उरली नाही. ते खाली सोलापुरी चादरीवर झोपतात आणि म्हणतात, मला घरातून बाहेर काढायला तुझ्या आईने वाकळ पाठवली.

पण आई, आराम आहे खरा. डोळा लागला की स्वप्नं पडतात, आणि सगळी स्वप्नं पाण्यासारखी. काल मी आपल्या माळावर होते, पण माळ हलत होता. मेंढरं लाटेवर बसल्यासारखी वरखाली होत होती आणि कुणी भिजत नव्हतं. मला वळावंसं वाटलं, आणि वळायच्या आधी उठून बसायला हवं हे स्वप्नातही आठवलं. जाग आली, बसले, पडले. मग माळ काही परत आला नाही.

सगळ्यात गाढ झोप कुठे लागली माहीत आहे? कामावर. शिलाईच्या कारखान्यात शाळेच्या युनिफॉर्मचं चेकिंग करता करता दुपारी निळ्या स्कर्टांच्या ढिगाला टेकले ती दोन तास. मुलींनी उठवलं नाही. जागी झाले तर गालावर बटणाचा वळ. दुसऱ्या दिवशीपासून शेठनेच रजेवर पाठवलं.

आता भांडते. मायाक्का आत्या चांगली आहे, पण ती घोरते, आणि ती माझी आई नाही. दोन मेंढ्या अडल्यात म्हणतेस. मेंढ्या दादांबरोबर पार बारामतीकडे आहेत, युवराजनी कालच फोन केला होता. मग तुझ्याकडे अडलंय काय? मला तू हवी आहेस. मी चिडलेली नाही, घाबरलेली आहे. खरं कारण लिही.

उत्तराची वाट बघते, माया तर मागायची गरजच नाही.

तुझी बेडकी


वस्ती,
२४ एप्रिल

चि. सौ. ऋतुजास,

आशीर्वाद. व्हय, मेंढ्यांचं खोटं लिवलं.

तुज्या आदी दोन वर्सं मला एक मुलगी झाली व्हती. तुला एवढंच ठावं हाय की एक गेली. कशी गेली ते कुनी सांगितलं न्हाय, मीच सांगू दिलं न्हाय. दिस भरलं व्हतं. सुईनीनं वडली तवा गळ्याला नाळंचे दोन वेढे व्हते. रडली न्हाय. केस लई व्हते तिला.

तुजी आज्जी केराबाई समद्या बायकांम्होरं म्हनली, ही झोपंत लोळती, उठून न बसता कूस बदलती, हिनंच फास लावला. मी वीस वर्सांची. झोपंत काय केलं ते मानसाला कसं कळावं ग? मी न्हाय बी म्हनू शकले न्हाय. तुज्या येळंला नऊ महिनं बसून बसूनच झोपले. तू धड निगालीस, तवा मला पटलं की सासू खरं बोलत व्हती.

सासू गेली त्येला पंधरा वर्सं झाली. आजून बी मला कूस बदलायची झाली की मी उठून बसते. पोटात कोन न्हाय, तरी बसते. दादांनी पयल्यापयल्यांदा इचारलं, मग सोडून दिलं.

अशी बाई बाळंतिणीच्या उशाला कशाला? माजी सावली तुज्या बाळावर नगं. म्हनून मायाक्का. रागावू नगं. मी हितनं देवाला हात जोडते, त्येला तरी माजा इटाळ न्हाय.

पोटावर हात ठेवून झोप.

आई


सोलापूर,
६ मे

ती. सौ. आईस,

नमस्कार. आधी हे वाच, मग बाकीचं: बाळ चांगलं आहे, मी चांगली आहे, आणि मी तुझ्यावर जरासुद्धा रागावलेली नाही.

तुझं पत्र आलं आणि मला झोपायचीच भीती बसली. आपण झोपेत काय करतो ते माणसाला कळत नाही, हे तुझंच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मग मी येडेपणा केला. रविवारी दुपारी ओढणीचं एक टोक मनगटाला बांधलं, दुसरं खाटेच्या डाव्या कडेला. म्हटलं, झोपेत वळले तर हिसका बसेल, जाग येईल, उठून बसेन. हिसका बसलाच नाही, इतकी मी थकलेली. उठले तेव्हा उताणी होते, हात सुन्न पडलेला, घामाने निथळत होते, आणि बाळ हलत नव्हतं. युवराजना हाक मारली, त्यांनी दिलेलं गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले. काही नाही. ओढणीची गाठ सुटेना तेव्हा युवराजनी दातांनी तोडली. रिक्षात ते वाटभर माझा हात चोळत होते.

दवाखान्यात पोटाला पट्टा लावला आणि सगळ्या खोलीत आवाज घुमला. माळावर लांबून घोडं पळत यावं तसा. आई, तुला तो ऐकू गेला असता गं, इतका मोठा होता. बाळ म्हणे नुसतं झोपलं होतं. घरात त्याला एकट्यालाच झोप लागते.

डॉक्टरबाईंनी मनगटावरचा वळ बघितला आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. बाई तशा कडक आहेत, पण त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, हालचाल जाणवली नाही म्हणून लगेच आलीस ते शहाणपण, बांधून घेतलंस तो मूर्खपणा. कुशीवर झोपायचं, डावी चांगली, उजवीही चालते. झोपेत उताणी झालीस तर घाबरायचं नाही. जाग आली की पडल्यापडल्या वळायचं आणि पुन्हा झोपायचं. उठून बसायची काही गरज नाही.

मग मी तुझं विचारलं. तीस वर्षांपूर्वी माझ्या आईची चूक झाली होती का, असं सरळ विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, बाळ आत पाण्यात तरंगत असतं, स्वतःच कोलांट्या मारतं, त्यात नाळ गुंडाळली जाते. कितीतरी बाळं वेढा घेऊन येतात आणि ठणठणीत असतात. एखाद्याचं नशीब फिरतं. आईच्या कूस बदलण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, कधीच नव्हता. मी म्हटलं, आईला ऐकू येत नाही, ती माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवणार नाही. तेव्हा त्यांनी तेच औषधाच्या चिठ्ठीवर लिहून खाली सही केली. ती चिठ्ठी सोबत आहे. जपून ठेव.

त्या दिवशी घरी येऊन मी पाच तास झोपले. दोनदा वळले, बसले नाही. स्वप्नात माझ्या पाठीला पाठ लावून कुणीतरी झोपलं होतं. उबदार, माझ्याहून थोडी मोठी. केस लांब होते, माझ्या मानेला लागत होते. ती म्हणाली, तू वळ, मी आहे मागे. जाग आली तर टॉवेलांचं लोढणं होतं. पण मला बरं वाटलं, आई. मला तिची भीती नाही वाटली. तुझीही वाटत नाही.

तुझी सावली मला हवीय. या उन्हात दुसरी कुठली सावली आणू?

ऋतुजा


वस्ती,
१३ मे

चि. सौ. ऋतुजास,

आशीर्वाद, आन् बांधून घेतल्याबद्दल एक धपाटा, आल्यावर देईन.

चिठ्ठी चारदा वाचली. बाईंचं अक्षर मेलं मुंग्यावानी, पन वाचलं. 'तुमची चूक नव्हती.' ईरप्पाकडनं बी वाचून घेतलं, मला येगळंच दिसत आसंल म्हनून. त्येनं बी तेच वाचलं. मग चुलीम्होरं बसून मी जे रडले, तीस वर्सांचं रडले. भाकरी करपली.

तरी मन ऐकंना. सासूचा शबुद आतवर रुतलेला. दुपारी शेडाच्या सावलीला बसले व्हते, तितं ती कानतुटकी रवंथ करीत व्हती. तिचा पाय दुकतोय म्हनून तुजं दादा तिला कोकरासकट चार दिस घरी ठेवून गेल्यात. तिच्याकडं बगताना माज्या ध्यानात आलं, दिवाळीत ही उताणी पडली तवा दादांनी काय केलं? उठून बसिवली व्हय तिला? पाठीवरनं धरून सरळ कुशीवर लोटली, पडल्यापडल्या. तिसऱ्या दिशी कोकरू झालं. त्येच कोकरू आता माजा पदर चावतंय. जल्म गेला मेंढरांत, डोळ्यांम्होरं व्हतं समदं, पन इचार करायचं भ्याव वाटत व्हतं.

तितंच वाकळंच्या उरल्याल्या तुकड्यावर आडवी झाले. डाव्या कुशीवर. रग लागली. हात टेकला उठायला, सवयच ती. मग हात उचलला, आन् निस्ती वळले. कायबी झालं न्हाय. शेडाचा पत्रा तापून वाजत व्हता, कोकरू चावत व्हतं. डोळा लागला. सांजंला दादा मेंढीला न्ह्यायला आलं तर म्हनत्यात, अगं तू पार वाकळ सोडून मातीत गेलीस लोळत. मला सपानात कायतरी दिसलं व्हतं, ते मी तुला आल्यावर सांगीन. केस लांबच व्हते.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं येते. मायाक्काला न्हाय म्हनून कळवलं. कोंबड्या तिच्याकडं. जावईबापूंना म्हनावं चादर जरा लांब टाका. आन् माजं हातरुण भिताडाकडंला घाल, मी आता झोपंत लई लोळते.

माया हाय ती घेऊन येते, तुजी हाय ती ठेवून दे.

तुजी आन् तुज्या थोरल्या भनीची आई,
बजाबाई