भिंत चार इंची निघाली

शेलूबाजार, मंगळवार

तीर्थरूप आत्याबाई यांना योगिनीचा नमस्कार. भिंतीच्या अलीकडच्यांचा नमस्कार, आणि पलीकडच्यांचाही. (पलीकडच्यांनी तसं सांगितलेलं नाही. पण पत्र जातंय हे त्यांना कळलं असतं तर सांगितलंच असतं, असं मी धरून चालले आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेली पट्टी बांधता की ती अजून खुंटीलाच आहे? आई म्हणते, खुंटीलाच असणार. तुमच्या अंगणातल्या शेवग्याला यंदा शेंगा धरल्या का? इकडे बाबांचा सांभार बरा निघाला, कोथिंबिरीला भावही आहे, वांग्यावर मात्र अळी आहे. मी बी.ए. होऊन आता वर्ष होत आलं. पदवी घरात पहिलीच असल्यामुळे ती सगळ्यांची आहे. मिक्सर बंद पडला, मोबाईलवर काही आलं, शेजारच्या म्हशीनं चारा सोडला, की मलाच बोलावतात. मी जातेही. येत नाही म्हणायचं असतं तर शिकले कशाला, असं मला वाटतं.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, ते आधी सांगते. मागच्या राखीला तुम्ही दोन्ही घरी वेगवेगळं जेवलात आणि जाताना ओट्यावर उभं राहून म्हणालात, "दोघं भाऊ एकमेकाशी बोलसान, तवाच मले फोन करजा." तेव्हापासून तुम्ही या घराचाही फोन कापता आणि त्या घराचाही. पत्राबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता. मी नीट आठवून पाहिलं.

तर मूळ गोष्ट अशी, की आपल्या भिंतीला भोक पडलं आहे.

भिंत म्हणजे तीच, वाटणी झाल्यावर मधल्या मोठ्या खोलीतून उभी केलेली. अलीकडे आमची बैठक राहिली, पलीकडे रंगराव काकांचं स्वयंपाकघर. फवारणीचा पंप न धुता ठेवला गेला, त्यात तणनाशक उरलं होतं, त्यानं बाबांचा सगळा सांभार जळाला, आणि पंप शेवटी कोणी वापरला यावरून दोन सख्खे भाऊ वेगळे झाले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. (पंप अजून आहे. तो कोणाच्या वाट्याला आला हे न ठरल्यामुळे दोघांनी नवे घेतले.) तेव्हापासून काका रोज पहाटे स्पीकरचा मोठा डबा त्या भिंतीला टेकवून भजनं लावतात. बाबांचं म्हणणं, देवाला ऐकवायचं असतं तर डब्याचं तोंड देवाकडे असतं.

अशात बाबा वाशीमला एका अडत्याच्या घरी चहाला जाऊन आले, आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. "योगे, भितीतून आवाज येते आन डबा कुठंच दिसत नाही," ते म्हणाले. "आपल्या बैठकीत तसं पाह्यजे. रंगरावले समजलंच नाही पाह्यजे का आवाज कुठून येऊन राह्यला." मी दोन दिवस मोबाईलवर वाचत बसले. भिंतीतल्या स्पीकरचा आवाज फक्त समोरच्या खोलीत जातो, असं तिथे लिहिलं होतं. (ते खरंही असेल. पण ते जिथल्या लोकांनी लिहिलं, तिथल्या भिंती वेगळ्या असतात.) मला वाटलं, आवाज आपल्याच घरात राहिला तर भांडण निम्मं होईल. शिवाय संध्याकाळी अर्धा तास मी त्यावरून घरच्यांना काही वाचून दाखवीन, मातीपरीक्षण, संविधान, बायकांच्या तब्येतीबद्दल. बाबा म्हणाले, "पहिले गानं वाजू दे, मंग संविधान."

स्पीकर बसवायला वाशीमहून स्वप्निल नावाचा मुलगा आला. त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं चौकट आखली आणि बाबांना विचारलं, "भाऊ, भिंत किती इंची आहे?" बाबा म्हणाले, "नऊ." आत्याबाई, तुम्हाला माहीतच आहे, ती भिंत बांधताना जाड भिंतीसाठी स्वतःच्या बाजूची जागा सोडायला एकही भाऊ तयार नव्हता, म्हणून एकेरी वीट लावून चार इंचात भागवलं. आणि दोघांनीही गावभर नऊ इंची सांगितलं. तेवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे. मी तिथेच उभी होते. मला चार माहीत होते. पण परक्या माणसासमोर बाबांना खोटं पाडावं की नाही, याचा मी विचार करत होते, आणि विचार संपायच्या आत वीट पलीकडे गेली.

ती लिलाबाई काकूंच्या परातीत पडली. धुरळा बसल्यावर भोकात काकूंचा चेहरा दिसला, भुवयांपर्यंत पीठ. त्यांनी स्वप्निलकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग बैठकीवरून सावकाश नजर फिरवली आणि आईला म्हणाल्या, "रुपा, हा असा पिवळा रंग काहून देला व?"

"म्या नाही, यायनं आनला," आई म्हणाली. जणू सकाळीच बोलणं अर्धवट राहिलं होतं.

स्वप्निलनं घाबरून स्पीकर त्याच भोकात बसवला आणि तो निघून गेला. आता मला कळलं ते असं, की या स्पीकरला मागून डबा नसतो, पाठ उघडीच असते. संध्याकाळी बाबांनी गाणं लावलं. आमच्या बैठकीत ते बेताचं आलं आणि काकांच्या स्वयंपाकघरात भरभरून. काका ओट्यावर येऊन लिंबाच्या झाडाला म्हणाले, "कोनाच्या गान्यानं आमचं दूध उतू जाऊन राह्यलं." बाबा आमच्या ओट्यावरून त्याच झाडाला म्हणाले, "लाईट बिल आमचं, आन फुकटचं गानं कोनाच्या घरी." दुसऱ्या दिवशी स्पीकर काढून खोक्यात गेला. भोकावर आमच्या बाजूनं कॅलेंडर आलं, त्यांच्या बाजूनं तेलाचा पिपा.

माझी दुपारची झोप तेव्हापासून गेली आहे. हे पत्र लिहितानाही मी सारखी उठते आहे. कारण दोघं मळ्यात गेले की पिपा सरकतो आणि कॅलेंडर वर होतं. कढीपत्ता जातो, विरजण येतं. आई भाजी निवडायला बैठकीत बसते, जिथे ती आधी पाहुण्यांशिवाय कधी बसली नव्हती. माझ्या दहावीला काकू मला पहाटे उठवून चहा द्यायच्या, तुम्हाला आठवत असेल. बी.ए.चा निकाल लागला तेव्हा मी त्यांना पेढासुद्धा देऊ शकले नव्हते. परवा भोकातून साखर दिली. त्यांनी पदवीचा कागद मागितला, हात पदराला पुसून घेतला, वाचता येत नाही म्हणून तळहातावर वजन केल्यासारखा धरला आणि म्हणाल्या, "एवढीशी असते व्हय."

आणि हे भोक परवा, गुरुवारी सकाळी, बुजणार आहे. इतके दिवस ते वाचलं, कारण बाबांनीही देवानंद मिस्त्रीला बोलावलं आणि काकांनीही देवानंदलाच. दोघांचं म्हणणं, भोक आपल्याच बाजूनं बुजवायचं. जो बुजवेल त्याची भिंत. देवानंद दोन ओट्यांमध्ये हेलपाटे घालून थकला. "तुमचं ठरलं का सांगजा, मंग मी सिमेंट भिजवतो," असं म्हणून तो गेला होता. पण काल त्यानं तोड काढली, की अर्धी वीट इकडून, अर्धी तिकडून, एकाच वेळी. दोघांनी मान्य केलं. इतक्या वर्षांत हे दुसऱ्यांदा एकमत, तेही भोक बुजवण्यावर.

मी बाबांना घरात हवा खेळती राहण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तुले शिकवलं ते भोकाची वकिली कराले काय?" काकूंकडून काकांना तेच सांगायला लावलं. त्यांनीही वकिलीचंच विचारलं, असं काकू म्हणाल्या.

असो. तब्येतीला जपा. पट्टी खुंटीवरून काढा. पत्र राजपालच्या जीपनं पाठवते आहे.

तुमची,
योगिनी, बी.ए. (हे आईनं लिहायला लावलं.)

ता. क. तुम्हाला उद्या, बुधवारी, यायचं आहे. राजपाल परत येताना तुमच्यासाठी पुढची सीट रिकामी ठेवेल, म्हणजे गुडघा दुमडावा लागणार नाही. काम असं आहे. वाटणीच्या वेळी तुम्ही हक्कसोड करून दिली. त्या कागदात शेत आहे, घर आहे, विहीर आहे, गोठा आहे. भिंत नाही, कारण भिंत तेव्हा नव्हती. म्हणजे भिंतीवरचा हक्क तुम्ही सोडलेलाच नाही. तुम्ही ओट्यावर उभं राहून फक्त एवढंच म्हणायचं, की भिंत माझी आहे आणि भोक राहू द्या. तुमच्यापुढे दोघांपैकी एकानंही आजवर तोंड उघडलेलं नाही. देवानंदकडे एक जुनी खिडकीची झडप आहे, ती बरोबर बसते. एखादा वकील या मुद्द्याला हसेल, पण मी वकिलाला विचारणार नाही.

ता. क. २. पत्र आईला वाचून दाखवत होते. कॅलेंडर वर होतं. "चार इंचात भागवलं" इथपर्यंत आले आणि पलीकडून काकांचा आवाज आला, "चार नाही, सहा आहे. नीट लिही." ते मळ्यातून लवकर आले होते. बाबा दारात चप्पल काढत होते. ते झाडाकडे न पाहता सरळ भोकाला म्हणाले, "सहा कोन्या हिशेबानं?" काका म्हणाले, "टेप आन." टेप भोकातून पलीकडे गेला आहे. एक टोक बाबांकडे, एक काकांकडे. "ढिला धरून राह्यला तू." "तूच ओढून राह्यला." आई आणि काकू मध्ये पडत नाहीत, चहा ठेवला आहे. बाहेर राजपाल हॉर्न वाजवतो आहे, म्हणून घाईत लिहिते. तुमची अट बोलण्याची होती. गोड बोलण्याची नव्हती. मी नीट आठवून पाहिलं. तेव्हा आज फोन आला तर कापू नका. भिंत बांधताना तुम्ही समोर होता, म्हणून ती किती इंची हे दोघंही तुम्हालाच विचारणार आहेत. ते ठरल्याशिवाय देवानंदला वीट कापता येत नाही. म्हणून गुरुवार जाईपर्यंत तुम्हाला नक्की आठवत नाही, असंच सांगा.