आधी लिही, मग उलट

बाबा, काल दुपारी आपल्या स्वयंपाकघरात एक लिफाफा उघडला. तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, मी तेव्हा नववीत होते, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. लिहायला बसले की वाटायचं, आधी काहीतरी नीट पूर्ण करावं आणि मग सांगावं. काल एक गोष्ट पूर्ण झाली. नीट झाली का, ते तुम्हीच ठरवा.

माझी पहिली शाळा म्हणजे तुमचं दुकान. आई डोंबिवलीच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, ठाकुर्लीच्या घरात मला सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला कल्याणला सोबत न्यायचात. किराणावाल्याच्या ओट्याला लागून असलेली ती आठ फुटांची जागा, छताला टांगलेले तराजू, तेलाचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास. लोक तुमच्याकडे काटे दुरुस्तीला आणायचे, झिजलेली वजनं आणायचे. शाळेत नाव घालण्याआधी मी बेरीज-वजाबाकी शिकले ती पाटीवर नाही, पारड्यांवर. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात छोटी छोटी वजनं, आणि दांडी सरळ झाली की तुमचं ठरलेलं वाक्य, "आधी लिही, मग उलट." प्रत्येक वजनाच्या बुडाला तुम्ही कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असायची. काचेच्या पेटीतल्या बारीक तराजूवर मोजलेला खरा आकडा तिच्यावर. मी माझं उत्तर वहीत लिहायचं, मगच वजन उलटं करायचं. चुकलं तर तुम्ही कधी रागावला नाहीत. "चुकलं तर चुकलं, पण तुझं चुकलं ना?" म्हणायचात, आणि अर्धा पेरू माझ्या हातात द्यायचात.

एकदाच रागावलात, मी चौथीच्या सुट्टीत दुकानात आले होते तेव्हा. पाचशे ग्रॅमचं जुनं पितळी वजन होतं, झिजलेलं. मी वहीत लिहिलं, चारशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन दशांश. उलटून पाहिलं, तर चिठ्ठीवरही तेच. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाजवल्या नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही त्या मोठ्या तराजूकडे बघत राहिलात.

"हा काटा एका ग्रॅमच्या खाली बोलत नाही," तुम्ही म्हणालात. "मग हे तीन दशांश तुला कोणी सांगितले?"

"अंदाजाने लिहिलं," मी म्हणाले.

"अंदाज असेल तर शेजारी तसं लिही. किती दिसलं ते लिही आणि किती दिसत नाही तेही लिही. काट्याला दिसत नाही ते तुला दिसायला लागलं, तर माझं दुकान बंद करावं लागेल."

एवढंच. आवाजही चढवला नव्हतात. पण त्या दिवशी पेरू मिळाला नाही, आणि मी ठाकुर्लीपर्यंत तुमचं बोट न धरता चालले.

आता मी काय करते ते सांगते. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी बातमी आली की हिग्स नावाचा कण सापडला. या कणाच्या मागे जे क्षेत्र आहे त्याच्यामुळे इलेक्ट्रॉनसारख्या मूलभूत कणांना वस्तुमान मिळतं. कॉलेजात पहिल्यांदा हे नीट कळलं तेव्हा वाटलं, धावत जाऊन तुम्हाला सांगावं, की बाबा, वजनाचं मूळ सापडलं! नंतर अजून शिकले आणि कळलं की तुमच्या पितळी वजनाचं बहुतेक वस्तुमान त्याच्यामुळे नाहीच, ते अणूच्या आतल्या कणांना बांधून ठेवणाऱ्या जोरातून येतं. म्हणजे धावत आले असते तर अर्धवट सांगितलं असतं. बरं झालं, असं म्हणवत नाही, पण तुम्ही ते पकडलं असतं एवढं नक्की.

प्रश्न असा आहे की हा हिग्स एकसंध आहे, की आणखी लहान कणांची घट्ट मोट आहे. हा प्रश्न मला कोणी समजावून द्यावा लागला नाही. आपण दोघं टिटवाळ्याला दुकानदारांची वजनं तपासायला जायचो. तुम्ही लोखंडी वजन उचलायचात, कानाशी धरून हलवायचात. वरून सलग लोखंड, पण बुडाच्या खड्ड्यात शिसं भरलेलं असायचं, आणि ते सैल झालं की बारीक खडखड यायची. तुम्ही माझ्या कानाशी धरायचात. "आहे का आत कोणी?" मी हसत सुटायचे. आज माझी नोकरी तीच आहे. फक्त हिग्स कानाशी धरता येत नाही.

म्हणून आम्ही एक कल्पनेतलं जग मांडतो. चौकटीच्या वहीसारखं, फक्त चौकटी लांबी, रुंदी, उंची आणि काळ अशा चार दिशांना. त्यात कल्पनेतले लहान कण ठेवतो, त्यांना बांधणारा जोर ठेवतो, आणि मोठा संगणक त्या जगाची चित्रं एकामागून एक काढत राहतो. हजारो चित्रांची सरासरी घेतली की कळतं, या कणांची मोट बांधली तर ती किती जड होते. अशी मोट सहसा फार जड निघते. खरा हिग्स मात्र त्या मानाने हलका आहे. आमच्या जगात ही मोट त्याच कणांच्या बाकीच्या मोटींपेक्षा, म्हणजे तिच्या भावंडांपेक्षा, पुरेशी हलकी निघते का, एवढंच मला शोधायचं होतं. अडीच वर्षं गेली त्यात.

आता लिफाफा. आपल्याला हवं ते उत्तर यावं म्हणून माणसाचा हात नकळत तिकडे वळतो. म्हणून माझ्या सहकाऱ्याने माझ्या हातात माहिती देण्याआधीच ती एका गुप्त आकड्याने गुणून ठेवली, म्हणजे काम संपेपर्यंत खरं उत्तर मलाच कळू नये. तो आकडा, आणि त्याने स्वतः दुसऱ्या पद्धतीने काढलेलं उत्तर, दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून त्याने लिफाफ्यात बंद केलं. हा डोंबिवलीचा मुलगा, आता मी आणि आई राहतो त्या ठाण्याच्या घरी जेवायला येतो. गणपतीत आला तेव्हा मी आत मोदकांकडे बघत होते, बाहेरचं नुसतं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्याने लिफाफा आईच्या हातात दिला.

"काकू, हा सांभाळायचा. ही मागेल, द्यायचा नाही. रडली तरी नाही."

"आणि मी बघितला तर?"

"तुम्ही खुशाल बघा."

"म्हणजे मला काही कळणार नाही, असंच ना रे?" आई म्हणाली, आणि त्याच्या ताटात अजून एक मोदक टाकून लिफाफा घेऊन गेली. तिची लपवायची जागा मला माहीत होती, तांदळाचा डबा.

तेव्हा माझं उत्तर जवळजवळ तयार होतं. मी ते सगळ्यांना दाखवलंही होतं, त्या गुप्त आकड्याने गुणलेलंच, पण उत्तर खाली-वर किती चुकू शकतं ते दाखवणारी रेघ इतकी बारीक की मॅडम म्हणाल्या, "सुंदर काम. परिषदेत हेच मांडू." मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक, सहसा कोणाचं कौतुक न करणाऱ्या. मी आठवडाभर उडत होते. मग एका सकाळी डाळ फोडणीला घालताना मला तुमचा आवाज आला. खरंच आला, असं म्हणणार नाही. पण मनात ते वाक्य आलं, या काट्याला एवढं दिसतं का?

डाळ तशीच ठेवून मी बसले. दोन दिवसांत सापडलं. संगणक चित्रं काढतो ती एकापुढे एक, आणि प्रत्येक नवं चित्र आधीच्यासारखंच थोडंफार असतं. एकाच माणसाचे लागोपाठ शंभर फोटो काढले म्हणजे शंभर माणसं बघितली असं होत नाही. मी मात्र शंभर माणसं मोजली होती. उत्तर बदलत नव्हतं, पण ती रेघ मी दाखवली त्याच्या तिप्पट रुंद असायला हवी होती. माझे तीन दशांश, बाबा. पुन्हा तेच.

आता सांगायला हवं होतं. आणि मला सांगायचं नव्हतं. मॅडमचा तो "सुंदर" मला परत करायचा नव्हता. मनात आलं, माझं जुनं उत्तर सहकाऱ्याच्या उत्तराशी जुळतच असेल तर कशाला उकरायचं? आई भाजीला टेंभी नाक्याकडे गेली होती. मी तांदळाचा डबा उघडला. खाकी लिफाफा होता, जाड. मी तो ट्यूबलाइटसमोर धरला. सरळ धरला, आडवा धरला. काहीच दिसलं नाही. नुसती काळपट घडी. हात तांदळाने पांढरे झाले होते, त्याच वेळी लॅच वाजलं. मी डबा बंद केला. आईने माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "भात लावतेयस? लाव."

मला भात लावावा लागला. त्यानंतर मी मॅडमना फोन केला आणि रेघ तिप्पट रुंद हवी होती हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उघडण्याआधी सापडलं ना? मग रडतेस कशाला? नवीन आकडे लिहून सगळ्यांना पाठव, त्यानंतर एक अक्षर बदलायचं नाही." मी पाठवले. लिफाफ्याचं मात्र सांगितलं नाही.

काल नवरात्राची पाचवी माळ होती. टेंभी नाक्याच्या बाजूने ढोलांचा आवाज येत होता, खिडकी लावूनही येत होता. लॅपटॉप ओट्यावर, पडद्यावर मॅडम आणि सहकारी, आई हातात लिफाफा घेऊन उभी. आणि मला राहवलं नाही.

"उघडायच्या आधी सांगायचंय," मी म्हणाले. "चूक सांगण्याच्या आधी मी हा लिफाफा उजेडात धरलेला. काही दिसलं नाही. पण दिसलं असतं तर मी बघितलं असतं. तुम्हाला माझं उत्तर घ्यायचं नसेल तर घेऊ नका."

ढोल वाजत होते. "ट्यूबलाइटला धरलेलास?" सहकारी म्हणाला. "अगं, पण मी दिलेला तो पांढरा होता. हा कुठला आणलायस?"

"तिला काय विचारतोस," आई म्हणाली, आणि तिने खाकी लिफाफा टराटरा फाडला. आतून निघालं घडी घातलेलं कॅलेंडरचं पान, मागच्या ज्येष्ठाचं, आणि त्या घडीच्या आत त्याचा पांढरा लिफाफा, जसाच्या तसा बंद. आईने तो कॅमेऱ्यासमोर धरून चारही बाजूंनी फिरवला. "हिच्या बाबांनी सांगून ठेवलं होतं मला. पोरगी गुणाची आहे, पण तिच्यापुढे झाकलेलं काही ठेवायचं तर दोनदा झाकायचं."

मॅडम हसल्या. मी त्यांना पहिल्यांदाच इतकं हसताना बघितलं. "शोधनिबंधात काकूंनाही लेखक म्हणून घ्यायला हवं," सहकारी म्हणाला. मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

मग चिठ्ठी. मी माझ्या उत्तराला त्या आकड्याने भागलं, खात्रीसाठी दोनदा भागलं. दोन्ही उत्तरं कागदावर शेजारी मांडली. मोट हलकी निघते, बाबा. त्याच्या पद्धतीने हलकी, माझ्या पद्धतीनेही हलकी. आकडे थोडे वेगळे आहेत, पण माझ्या नव्या, रुंद रेघेत त्याचं उत्तर आरामात बसतं. माझी जुनी, सुंदर, बारीक रेघ त्याच्यापर्यंत पोचलीच नसती. याचा अर्थ खरा हिग्स आतून भरलेला आहे असा नाही. याचा अर्थ एवढाच, की आमच्या एका कल्पनेतल्या जगात ते अशक्य नाही, आणि चौकटी अजून बारीक करून बघायला हवं. पण एवढं आम्हाला दिसलं, आणि किती दिसलं नाही तेही आम्ही शेजारी लिहिलंय. आईने शिरा केला. सहकारी संध्याकाळी डोंबिवलीहून आला आणि अर्धा त्यानेच संपवला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमची लाकडी पेटी माझ्या कपाटात आहे. तिच्यातल्या त्या पाचशेच्या पितळी वजनाखाली घडी करून ठेवणार आहे. चिठ्ठी अजून बुडाला आहे, शाई तपकिरी झालीय.

ते दोनदा झाकायचं तुम्ही आईला कधी सांगितलंत, हे मी तिला काल विचारलं. ती म्हणाली, "दुकानातून तू रुसून आलीस ना, त्या दिवशी." म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी माझ्या 'अंदाजा'वर तुम्ही पुढे एक शब्द बोलला नाहीत. कळलेलं असलं तरी मी सांगायला हवं होतं. तो अंदाज नव्हता, बाबा. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होतात, तेव्हा मी वजन उलटून बघितलं होतं.