देवळाच्या आवारातली उफणणी

केडगाव, शनिवार, १५ नोव्हेंबर १९४७

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या खिडकीखाली पुन्हा बाजरी उफणायला सुरुवात झाली. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीच्या सणासाठी धान्य देवळाच्या आवारातच उफणून अर्पण करायचं, ही इथल्या आम्हा ख्रिस्ती लोकांची रीत. रीतीबद्दल माझी तक्रार नाही. पण आवाराला चार कोपरे असताना जिथून वारा माझ्या घरात शिरतो तोच कोपरा का?

भुसकटाची धूळ आत आली आणि दमा उसळला. खिडकी लावली तर कोंडते, उघडली तर गुदमरते. डोळे सुजले, धड एक वाक्य बोलवेना. तशीच काठी टेकत आवारात उभ्या असलेल्या पाळकसाहेबांकडे गेले.

"बाई, ही अर्पणाची बाजरी. ती कुणाला बाधत नसते," म्हणाले. वर हसले!

सूप घेऊन उभी असलेली सखूबाई म्हणाली, "सायेब, बाईंचा जीव वर चाललाय, दिसत न्हाई व्हय? आमी तुमच्या बंगल्याकडच्या कोपऱ्यात उफणतो की."

"तिकडे नको. आमच्या मंडळींना शिंका येतात."

हे त्यांनी माझ्यासमोर म्हणावं? आणि तेही न अडखळता? तीस वर्षं यांच्या देवळात येणाऱ्यांची मुलं शिकवली मी. की निवृत्त बाईला फुप्फुसं नसतात?

उफणणी अजून आठवडाभर चालणार. तोवर मी श्वास कुठे घ्यायचा? पत्र लिहून ठेवलं आहे, सकाळी हातात देणार. अर्पणाची बाजरी त्यांच्या बायकोला बाधते, मग मला कशी बाधत नाही, हे त्यांनी सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. तोंडी निरोप मी घेणार नाही.